कोहऱ्यातला नाताळ

झाशीत धुक्याला धुकं कुणी म्हणत नाही. माझे आई-बाबा नगरकडचे, घरात मराठीच बोलणारे, पण तेही ‘कोहरा’च म्हणायचे. धुकं म्हटलं की कसं डोंगरावरचं, कोवळ्या उन्हात विरून जाणारं काहीतरी डोळ्यांपुढे येतं. कोहरा तसला नाही. तो डिसेंबरच्या मध्याला येतो आणि ओल्या घोंगडीसारखा अंगावर पडून राहतो. दोरीवरचे कपडे वाळत नाहीत, काडेपेटीची काडी धड पेटत नाही, गुडघे बोलायला लागतात, आणि गाड्यांचं तर विचारूच नका. मला हा ऋतू कधीच आवडला नाही. लोक नाताळचं कौतुक करतात. मी मात्र नाताळ आला की आधी खिडक्यांच्या फटींत चिंध्या कोंबते.

यंदाही तो आला, आणि त्याच आठवड्यात आमच्या गिरजाघराच्या कमिटीचे विल्सनभैया घरी आले. गिरजाघराशेजारी नवा हॉल बांधलाय. त्याच्या भिंतीवर संगमरवर लागणार, त्यावर देणगीदारांची नावं. ज्याने जास्त दिलं त्याचं नाव वर, मोठ्या अक्षरात. कुणाचं नाव कुणाच्या वर, यावरून कमिटीच्या दोन सभा भांडणात गेल्या म्हणे. विल्सनभैयांनी चहा घेतला, आईच्या फोटोकडे पाहिलं आणि फार आदराने म्हणाले, “दीदी, आप थोड़ा और कर दीजिए, तो माताजी का नाम भी ऊपर वाली लाइन में आ जाएगा.”

मी विचार करते म्हणाले. ते गेले आणि माझा दिवस नासला. कपबशी विसळतानाही मी चिडलेलीच होते. मी बँकेत नोकरी केली, निवृत्त झाले, दर महिन्याला न चुकता दशांश देते, कुणी दारात आलं तर रिकामं पाठवत नाही. आणि खरं सांगायचं तर त्यातलं काही देताना मला आनंद होत नाही. वीजबिल भरल्यासारखं वाटतं. भरलं, सुटले. देण्यात आनंद आहे हे मी लहानपणापासून ऐकत आले. तो आनंद मी एकदाच, अगदी जवळून पाहिला, आणि तोही माझा नव्हता. आईचा होता. त्या आईचं नाव आता ‘ऊपर वाली लाइन’मध्ये.

आईचं पैशावर प्रेम होतं. हे मी आडपडदा न ठेवता लिहिते, कारण तिनेही ते कधी लपवलं नाही. दागिन्यांची तिला हौस नव्हती, धड लुगडी दोनच होती. पण लहानपणी ती मिशनच्या बोर्डिंगमध्ये वाढलेली. साबणाची वडी हवी, माग. दोरा हवा, माग. दुसरी भाकरी हवी, ताट घेऊन उभी राहा. “मागताना मान कशी आपोआप खाली जाते ते मला विचार,” असं ती म्हणायची. पैसा म्हणजे तिच्या लेखी मान वर ठेवायचं साधन. ती भाजीवाल्याशी मुळ्याच्या पाल्यावरून भांडायची, उरलेला साबण नव्या वडीला चिकटवायची, आणि घरात आलेली नोट इस्त्री केल्यासारखी सरळ करून ठेवायची.

बाबा नेमके उलटे. ते रेल्वेत गार्ड होते. ड्यूटीवर स्वेटर घालून जायचे आणि शर्टावर परत यायचे. कुठल्याशा स्टेशनवर कुणी कुडकुडत असायचं. एकदा मफलर गेला, एकदा पितळी डबा जेवणासकट गेला, आणि एकदा तर ते स्टँडवरून पायी आले. सायकल कुणाला तरी ‘चार दिवसांसाठी’ दिली होती, ती त्या माणसाकडेच म्हातारी झाली. मानिकपूर लाइनवर त्यांचं फार नाव. ‘साळवे साहब तो देवता आदमी हैं.’ या देवतेसाठी नवा स्वेटर विणायचा तो आईने. लोकर तिच्या पैशांची, डोळे तिचे. ती टाके घालता घालता म्हणायची, “तुमचं नाव होतं आणि माझं जातं.” बाबा हसायचे. त्या हसण्याचा मला तेव्हाही राग यायचा.

रविवारी पाद्रीसाहेब सांगायचे, द्यायचं तर कपाळाला आठी न घालता द्यावं. आई मागच्या बाकावर माझ्या कानाशी पुटपुटायची, “मग मी देतच नाही. आठी तर आहेच.”

मी मॅट्रिकला होते त्या वर्षीचा कोहरा मला आठवतो. कोळशाच्या इंजिनांचे दिवस. आमचं क्वार्टर अगदी लाइनीला लागून, मागचं दार उघडलं की रूळ. कोहऱ्यात सिग्नल दिसायचे नाहीत, म्हणून आधीच रुळावर फटाके बांधून ठेवायचे. इंजिनाचं चाक त्यावर आलं की धाडकन आवाज. ड्रायव्हर सावध व्हायचा आणि आमच्या घरात भांडी थरथरायची. भूमितीची प्रमेयं मी त्या आवाजांत पाठ केली.

आई नाताळात ऑर्डरी घ्यायची. करंज्या, शंकरपाळे आणि केक. केक ती बोर्डिंगच्या मडमेच्या स्वयंपाकघरात शिकलेली. त्या वर्षी तिला सगळ्यांत मोठी ऑर्डर मिळाली होती, एका बड्या रेल्वे साहेबांच्या बंगल्यावरून. त्यांच्याकडे नाताळच्या आधी मोठी पार्टी असायची. सामान सगळं आईने स्वतःच्या पैशाने भरायचं, माल पोचला की मेमसाहेब पैसे देणार. हे पैसे आले की साठवलेल्यात घालून झाशीतल्याच नगरा वस्तीतल्या एका जागेचा विसार द्यायचा होता. बाबा निवृत्त झाले की क्वार्टर सोडावं लागणार. ती जागा आईने मला दोनदा नेऊन दाखवली होती. बाभळीच्या चार झुडपांपलीकडे तिथे काही नव्हतं, पण आई तिथे उभी राहून हाताने दाखवायची, इथे चूल, इथे तुझं टेबल, इथे खिडकी. मलाही ती खिडकी दिसायला लागली होती.

आठवडाभर घरात पाय ठेवायला जागा नव्हती. मनुका भिजत घातलेल्या, संत्र्याच्या साली पाकात मुरत असलेल्या, लोखंडी कढईत साखर जळत असलेली. मेमसाहेबांना केक काळाभोर हवा होता. त्यासाठी साखर जाळून तिचं पाणी घालावं लागतं, आणि ती कडू होण्याच्या एक क्षण आधी उतरवावी लागते. आई त्या कढईवरून नजर हलवायची नाही. मग केकचं मिश्रण टांग्यात घालून सदर बाजारातल्या बेकरीत न्यायचं, पाळी लावून बसायचं आणि डोळ्यांदेखत भाजून आणायचं. शेवटी सगळा माल घरातल्या मोठ्या खाटेवर धुतलेल्या चादरीखाली मांडून ठेवला. आई जमिनीवर झोपली. सकाळी टांगा येणार होता.

सकाळी टांगा आला नाही. हाताचं बोट दिसणार नाही असा कोहरा पडला होता. बाबांची गाडी ललितपूरकडे कुठेतरी अडकल्याचा निरोप आला होता. आणि आमच्या मागच्या दाराशी, आउटर सिग्नलला, एक पॅसेंजर गाडी उभी होती. ती दिसत नव्हती, नुसती ऐकू येत होती. खोकले, तांब्यांचा आवाज, कुणी कुणाला हाका मारतंय, आणि लहान मुलांचं रडणं. एक थांबलं की दुसरं. पहाटेपासून उभी होती म्हणे. स्टेशन पुढे होतं, पण या कोहऱ्यात लेकरं घेऊन रुळांवरून चालत कोण जाणार?

आई खिडकी लावून घेऊन टांग्याची वाट पाहत बसली. मी पुस्तक उघडून बसले. आवाज खिडकीतूनही येत होते.

मागच्या दारावर थाप पडली. एक बाई होती, कडेवर पोर, डोक्यावरून घोंगडं. टहरौलीकडची, बटाटे काढायच्या मजुरीला निघालेली. तिच्या मागे कोहऱ्यात आणखी कुणी होतं की नव्हतं, कळत नव्हतं. वासावर आली असावी. आमच्या घराचा वास तर बंद दारातूनही जात होता. ती म्हणाली, “बाई, कछू खाबे खों होय तौ दे दो. पइसा दैहैं.” आणि तिने पदराची गाठ सोडायला घेतली.

आई म्हणाली, “ये बेचने का नहीं है,” आणि दार लावलं.

मला हायसं वाटलं. आई मात्र दाराशीच उभी राहिली, पाठ माझ्याकडे, हात कडीवर. मुळात ते सगळं विकायचंच तर होतं. तिच्या मनात काय झालं ते मला ठाऊक नाही, तिने पुढेही कधी सांगितलं नाही. मला एवढंच दिसलं की ती उभी होती, आणि मग तिने कडी काढली आणि कोहऱ्यात मोठ्याने हाक मारली, “ए बाई, रुको!”

ती परत आली. आईने तिच्या हातावर करंज्या ठेवल्या, तिचे पैसे मागे सारले आणि चिडून विचारलं, गाडीत किती जण उपाशी आहेत. ती बाई आश्चर्याने म्हणाली, सगळेच. आईने खाटेकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, “डबे उचल.”

मी म्हणाले, “आई, ते बंगल्याचं आहे.”

“बंगल्याचं नाही. अजून माझं आहे.”

आम्ही किती खेपा घातल्या कोण जाणे. शेजारच्या जोशीकाकू दारात आल्या. त्यांचे यजमान वर्कशॉपात, माणसं पुण्याकडची. “साळवीणबाई, अहो वेड लागलं का तुम्हाला?” असं त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता आपल्या चुलीवरचं गरम पाणी बादलीत ओतून आमच्या मागोमाग निघाल्या. गाडीला अगदी खेटून गेल्यावरच डबा दिसायचा. खिडक्यांतून हात बाहेर आलेले. आणि आई त्या सगळ्यांवर खेकसत होती. धक्का मत दो. पहले बच्चों को. तुमने लिया था ना, हाथ अंदर करो. कपाळाची आठी जशीच्या तशी. पाद्रीसाहेबांनी तिला त्या वेळी पाहायला हवं होतं.

शेवटी केक उरले. करंज्या संपल्या म्हटल्यावर तिने तेही डब्याच्या पायरीवर ठेवून सुरीने कापले. पहिला तुकडा तिने त्याच टहरौलीच्या बाईला दिला. आयुष्यात तिच्या हातून इतका चांगला केक झाला नव्हता, हे ती आदल्या दिवशी मला स्वतः म्हणाली होती. त्या बाईने तुकडा उलटासुलटा पाहिला, चावला, थोडा वेळ तोंडात घोळवला आणि आईची समजूत घालावी तसं म्हणाली, “बाई, जा तौ तनक जर गई. मनों चल जैहै.” म्हणजे, ही जरा जळली हो तुमची. पण चालेल.

आई तिच्याकडे बघतच राहिली. मग हसायला लागली. हातातली सुरी खाली ठेवून, डब्याच्या दांडीला धरून हसत राहिली. डोळ्यांतून पाणी आलं. ती बाईही हसली, काय झालं ते न कळताच. आईला मी तशी कधी पाहिली नव्हती. घरात आमच्या हसण्याचं काम बाबांकडे होतं. आई हसते तेव्हा तिच्या गालाला खळी पडते हे मला त्या दिवशी कळलं.

थोड्या वेळाने पुढे शिट्टी झाली, फटाका फुटला आणि गाडी गेली. आभार वगैरे कुणी मानले नाहीत. गाडी सुटायच्या गडबडीत कुणाला सुचणार? केकचा चुरा, रिकामे डबे आणि आम्ही तिघी राहिलो.

दुपारी कोहरा जरा उचलला तेव्हा आई तोंड धुऊन, धड लुगडं नेसून मला घेऊन बंगल्यावर गेली. निरोप पाठवून भागलं असतं, पण शब्द मोडला होता, तर तो तोंडाने सांगायला हवा असं तिचं म्हणणं. मेमसाहेबांना आधी वाटलं, जास्त पैसे देणारं कुणी मिळालं. “तो तुमने बेच दिया?” आई म्हणाली, नाही, वाटला. गाडीतल्या लोकांना. मेमसाहेबांना ते समजेना. “मुफ़्त?” त्यांनी दोनदा विचारलं. आईने दोन दिवसांत नवा माल करून देते म्हणून सांगितलं. त्या म्हणाल्या, पार्टी उद्या आहे, आणि यापुढे तसदी घ्यायचं कारण नाही. त्यांचं चुकलं असं मला आजही म्हणवत नाही. त्या वेळी तर मी पूर्णपणे त्यांच्या बाजूची होते.

संध्याकाळी बाबा आले. कोळशाने माखलेले, जागरणाने डोळे सुजलेले. खाट रिकामी पाहून त्यांना आधी आनंद झाला, माल पोचला म्हणून. मग आईने सांगितलं. आता ते हसतील, शाबासकी देतील, असं मला वाटलं. देवता आदमीच ते. पण बाबांचा चेहरा उतरला. “सगळं? केकसुद्धा?” साहेब काय म्हणतील, विसाराचं काय, आठवडाभराची मेहनत, निदान निम्मं ठेवायचं. ते बोलत राहिले. मी चकित होऊन ऐकत होते. ही आईची वाक्यं होती, शब्दन् शब्द, फक्त आज बाबांच्या तोंडी.

आईने त्यांच्या पुढ्यात पाण्याचा तांब्या ठेवला आणि शांतपणे म्हणाली, “तुम्ही देता तेव्हा माझं जातं. आज मी दिलं. आज माझं काही गेलं नाही.”

बाबांनी तांब्या तोंडाला लावून रिकामा केला. मग म्हणाले, “ती जळला म्हणाली?”

“जळला म्हणाली. पाया पडली असती तर मी मेमसाहेब झाले असते. तिने नावं ठेवली. घरचं खाताना माणूस नावं ठेवतंच.” आणि ती पुन्हा हसायला लागली.

हे सगळं छान वाटतं ऐकायला. पण त्याचं पुढे जे झालं तेही लिहायला हवं, नाहीतर ती विल्सनभैयांच्या माइकवर सांगायची गोष्ट होईल. विसार देता आला नाही. ती जागा काही महिन्यांनी जोशीकाकूंनी घेतली. त्यांच्या मनात काही वाकडं नव्हतं, त्यांच्याकडे पैसे होते. आज तिथे त्यांच्या नातवंडांचं तीन मजली घर आहे आणि मी त्याच गल्लीच्या तोंडाशी, दोन खोल्यांत राहते. जाता-येता ते घर दिसतं. खिडकी साधारण आईने दाखवली होती तिथेच आहे. बंगल्यांवरच्या ऑर्डरी बंद झाल्या, त्या पुन्हा आल्या नाहीत. त्या नाताळला आम्ही वरण-भात आणि गुळाच्या पोळ्या खाल्ल्या. गिरजाघरात आई मोठ्याने गात होती, सुरात नसताना. मी शेजारी फुगून उभी होते.

आणि आई काही साध्वी झाली नाही. मुळ्याच्या पाल्यावरून भांडण तसंच चालू राहिलं, साबणाच्या वड्या तशाच चिकटत राहिल्या. बाबांचा पुढचा स्वेटर गेला तेव्हा तिने दोन दिवस अबोला धरला. मला हेच कोडं सुटत नाही. ती बदलली असती तर मी म्हटलं असतं, कृपा झाली. पण ती तीच होती, पैशावर प्रेम करणारी, आणि तरीही तिला काहीतरी सापडलं होतं. मी तिच्यापेक्षा कितीतरी जास्त देते. माझ्या गालाला खळी पडत नाही. पैसे माझ्या खात्यातून जातात, तिथे हात नसतात, कुणी माझ्या केकला जळला म्हणत नाही. मीही कुणाच्या डब्याशी जाऊन उभी राहत नाही. चिडचिड होते ती याचीच.

विल्सनभैयांना मी नाही म्हणून कळवलं. पैसे हॉलसाठी ठेवा, नाव लावू नका. त्यांचा लगेच फोन, “दीदी, बिना नाम के रसीद कैसे कटेगी?” मी म्हणाले, नका फाडू. त्यांना राग आला बहुतेक. मलाही आलाच.

पुढच्या वर्षीच्या कोहऱ्याचं सांगायचं राहिलं. ऑर्डर एकही नव्हती, तरी आईने केक केले. साखर पुन्हा तशीच जाळली. सकाळी डबे भरून मागच्या दारात उभी राहिली. मी मॅट्रिक होऊन नोकरीच्या अर्जांत अडकले होते, मला त्यात पडायचं नव्हतं, तरी तिने मला उभं केलंच. कोहरा होता, पण विरळ. एक गाडी आली, गेली. दुसरी आली, फटाका फुटला, तीही गेली. एकही थांबेना. आई वैतागली. “आता बरी वेळेवर धावायची बुद्धी झाली यांना,” म्हणाली.

मग तिने पदर खोचला आणि कॉलनीत घरोघर निघाली. सिग्नलच्या केबिनवाल्याकडे, नळावरच्या बायकांकडे, जोशीकाकूंकडे. काकू अंडं खात नसत, त्यांना तिने वेगळे शंकरपाळे केले होते. शेवटचा एक केक उरला तेव्हा ती थेट बंगल्याकडे वळली. मी म्हणाले, तिथे नको. तिने ऐकलं नाही.

मेमसाहेब व्हरांड्यात आल्या. आईने केक पुढे केला आणि नाताळचा सलाम केला. त्यांनी आत वळून पर्स मागवली. आई म्हणाली, पैसे नकोत. त्या म्हणाल्या, मग कशाबद्दल? आई म्हणाली, कशाबद्दल नाही, नाताळ आहे. मेमसाहेब तशाच उभ्या राहिल्या. एका हातात केक, दुसऱ्या हातात उघडी पर्स. त्यांना आत जाता येईना. इतक्या मोठ्या बंगल्यात राहणाऱ्या त्या बाईला घ्यायचं कसं हे कुणी शिकवलंच नव्हतं. त्यांची मान हळूहळू खाली गेली.

आईने ते पाहिलं. मान खाली जाणं तिच्याइतकं कुणाला कळणार? ती पायरी चढून वर गेली, त्यांच्या हातातली पर्स तिने हलकेच मिटली आणि म्हणाली, “खाकर देखिए, मेमसाब. और जला हुआ लगे तो बताइएगा ज़रूर.”